द्वादशीचे पान

निंबर्ग्याच्या रामाचार्यांना अभिमानाच्या गोष्टी मोजक्याच होत्या, पण त्या होत्या हे त्यांनी कधी लपवले नाही. कर्नाटकच्या आळंद तालुक्यातल्या या गावात त्यांनी मराठी माध्यमाच्या शाळेत आयुष्यभर शिकवले. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी अशा तीन भाषांत ते सारख्याच सहजतेने भांडू शकत. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या मोकळ्या जागेत तुळशीचे वाफे केले. अर्धे वाफे काळसर जांभळ्या देठांच्या कृष्ण तुळशीचे, अर्धे हिरव्या राम तुळशीचे. संध्याकाळी पाणी दिले की तिखट, लवंगेसारखा वास कुंपणाबाहेर जाई आणि आळंदच्या रस्त्याने जाणारी माणसे मान वळवून पाहत. त्या वळलेल्या मानांचाही रामाचार्यांना अभिमान होता.

गावात कुणाला खोकला-पडसे झाले की माणूस आधी त्यांच्या दारात येई. ते पाने देत, आले-मिरे घालून काढा कसा उकळायचा ते सांगत आणि शेवटी न चुकता बजावत, "ताप उतरला न्हाई, दम लागायलाय असं वाटलं, तर इथं येऊ नका. सरळ दवाखान्यात जावा." पाने देण्यापेक्षा हे शेवटचे वाक्य म्हणण्यात त्यांना आपले गुरुजीपण अधिक जाणवे. तुळस देव आहे यावर त्यांचा विश्वास होता आणि ती औषध आहे यावरही. मात्र देवाकडे मागायचे आणि औषधाला विचारायचे प्रश्न वेगळे असतात, ही समज त्यांनी वर्गात मुलांना शिकवता शिकवता स्वतःही आत्मसात केली होती. निदान त्यांना तसे वाटत होते.

त्यांची मुलगी श्रीलक्ष्मी कलबुर्गीच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. तिने संशोधनासाठी तुळस निवडली तेव्हा रामाचार्यांनी पेढे वाटले आणि मग विचारले, "पण तुळशीत आता नवं शोधायचं काय राहिलंय?"

"बरंच राहिलंय, अण्णा," ती म्हणाली. तुळशीच्या तेलात युजेनॉल असते, लवंगेला वास देणारे तेच द्रव्य. काचेच्या बशीत ते काही जंतूंची वाढ रोखताना दिसते. पानांत इतरही द्रव्ये आहेत. रक्तातली साखर, मनावरचा ताण यांवर त्यांचा उपयोग होतो का, याच्या लहान लहान चाचण्या माणसांवर झाल्या आहेत आणि काहींचे निष्कर्ष आशा वाटावी असे आहेत. "पण ते निबंध वाचताना डोकं फिरतं. कोणती तुळस, फुलोऱ्याआधीची की नंतरची, पान ताजं होतं की वाळलेलं, हे कित्येकांनी धड लिहिलेलंच न्हाई. औषध म्हणायचं तर मात्रा ठरायला पाहिजे, आणि मात्रा ठरायची तर पानात काय आहे ते आधी ठरायला पाहिजे."

तिची योजना साधी होती. एकाच जागेची तुळस घ्यायची, मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत रोज सकाळी पाने घ्यायची, त्यांचे तेल काढून मोजायचे आणि मंजिरी येण्याआधी, येताना व बी धरल्यावर ते कसे बदलते ते पाहायचे. जागा वडिलांचीच घ्यायची हेही ठरले. पाने तोडायची कुणी, हा प्रश्नच नव्हता. त्यांच्या माध्व वैष्णव घरात तुळस पुरुषाने तोडायची. आंघोळ करून, सोवळ्यात, क्षमा मागणारा श्लोक पुटपुटत आणि नख न लावता. श्रीलक्ष्मीला हा नियम लहानपणापासून पटत नव्हता आणि तिने तो लहानपणापासून पाळला होता.

रामाचार्यांच्या दिवसाला नवा अर्थ आला. सूर्योदयानंतर परडीभर पाने झाकणाच्या डब्यात भरायची, डबा बर्फाच्या पिशव्यांत बसवायचा आणि सकाळच्या कलबुर्गी बसच्या कंडक्टरच्या हवाली करायचा. "गुरुजी, एवढ्या बर्फात काय मासळी पाठवायलाव का?" असे कंडक्टरने पहिल्याच दिवशी विचारले, तेव्हा बसमधली माणसे हसली. रामाचार्यांनी ताठ मानेने उत्तर दिले, "विद्यापीठाला नमुना पाठवायलोय." त्यानंतर त्या डब्यासाठी पुढच्या बाकाखालची जागा राखीव राहू लागली.

संक्रांतीच्या सुट्टीत श्रीलक्ष्मी घरी आली ती कपाळावर आठी घेऊनच. जेवणे झाल्यावर तिने लॅपटॉप उघडला आणि पडद्यावरची रेषा दाखवली. तेलाचे प्रमाण हळूहळू चढत होते, अपेक्षेप्रमाणे. पण मधेच एखाद्या दिवशी रेषा दचकल्यासारखी खाली येई आणि दुसऱ्या दिवशी परत वर जाई.

"यंत्र तपासलं, बर्फ तपासला, बसला उशीर झाला होता का तेही विचारलं. काही सापडंना. साधारण पंधरवड्यानं एकदा असं होतंय."

रामाचार्यांनी चष्मा पुसला. "तारखा सांग."

तिने पहिली तारीख सांगितली. ते म्हणाले, "द्वादशी." तिने दुसरी सांगितली. "द्वादशी. आदल्या दिवशी माझी एकादशी होती, सकाळी पारणं करून मी डबा भरला." तिसरी सांगायच्या आधीच ते उठून उभे राहिले होते. तीही द्वादशीच निघाली.

द्वादशीला तुळस तोडू नये हे वैष्णव घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. का तोडू नये, हे मात्र रामाचार्यांनी वडिलांना विचारले तेव्हा वडिलांनी डोळे वटारले होते आणि स्वतःच्या मनाला विचारले तेव्हा मन गप्प राहिले होते. आता उत्तर पडद्यावर दिसत होते. त्या दिवशी पानातले औषधच ओसरते! पूर्वजांनी यंत्राविना हे ओळखले होते! त्यांनी बायकोला हाक मारली. "सावित्री, अगं इकडं ये, पोरीनं काय काढलंय बघ!"

स्वयंपाकघरातून सावित्रीबाईंचा आवाज आला, "भांडी राहिलीत. तोंडानंच सांगा."

"अण्णा, एवढ्यात कुणाला सांगू नका," श्रीलक्ष्मी म्हणाली. "मला अजून तपासायचंय."

परंतु अभिमानाला कडी लावण्याची सवय रामाचार्यांना नव्हती. दुसऱ्याच दिवशी पारावर त्यांनी ही गोष्ट श्रीपतरावांना सांगितली. श्रीपतराव म्हणजे तुरीचे शेतकरी, आडत व्यापारी आणि मारुतीच्या देवळाच्या समितीचे प्रमुख. त्यांना सांगणे म्हणजे निंबर्ग्यासह आसपासच्या वाड्यावस्त्यांना सांगणे. आठवडाभरात गोष्ट वाढून परत आली: निंबर्ग्याच्या लेकीने शास्त्र सिद्ध केले, तुळशीत सगळ्या रोगांवर उतारा आहे, फक्त द्वादशी टाळायची. माघाच्या त्रयोदशीला देवळात बाप-लेकीचा सत्कार ठरला. निमंत्रण द्यायला श्रीपतराव स्वतः आले.

"गुरुजी, शाल सोलापूरहून मागवलोय. आणि आणखी एक गोष्ट सांगतो, तुम्हाला बरं वाटंल." ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "साखरेची गोळी बंद केलो. रोज सकाळी तुळशीची मूठभर पानं. तुमच्या लेकीनं एवढं सिद्ध केल्यावर त्या गोळ्या कामून गिळायच्या?"

एरवी रामाचार्यांनी तिथेच त्यांना आडवे घेतले असते. पण शालीचा विषय नुकताच निघाला होता, समितीचे दोघे दारात उभे होते, आणि ते केवळ एवढेच म्हणाले, "डॉक्टरांना विचारून घ्या हं." आपले नेहमीचे बजावणे इतक्या मऊ आवाजात त्यांनी कधी केले नव्हते.

द्वादशीच्या आधी श्रीलक्ष्मी आली ती रजा काढून. सत्काराचे ऐकून ती रागावली होती, पण राग बोलून दाखवण्याऐवजी तिने काम काढले होते. "अण्णा, परवा सकाळी मी वाफ्यापाशी उभी राहणार. तुम्ही कसं तोडता, डबा कसा भरता, सगळं बघायचंय."

"परवा? परवा द्वादशी."

"म्हणूनच तर."

रामाचार्य हसले. "अगं वेडे, द्वादशीला कोण तोडतंय?"

विद्यापीठाच्या कामासाठी अण्णांनी नियम बाजूला ठेवला असेल, असे ती धरून चालली होती. मग ती अगदी हळू म्हणाली, "तोडत न्हाई? मग डब्यात काय पाठवता?"

"एकादशीला संध्याकाळच्या आत तोडून ठेवलेली. देवाला द्वादशीला जी वाहतो तीच. हिला विचार."

"ओल्या पंचात मी गुंडाळून ठेवते," सावित्रीबाई दारातून म्हणाल्या. "लग्न होऊन आल्यापासून ठेवायलेय. आता त्यात काय चुकलं?"

श्रीलक्ष्मीने लॅपटॉपकडे पाहिले नाही; वडिलांकडे पाहिले. रामाचार्यांचे हसू अजून चेहऱ्यावर होते, पण त्याच्या मागे काहीतरी कोसळत होते. आपण फसवले नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तुळस आणि गंगोदक शिळी होत नाहीत, असे शास्त्र सांगते. वाहिलेले पानही धुऊन पुन्हा वाहता येते. म्हणून कालचे पान आणि आजचे पान यांत फरक आहे, हे लेकीला कळवण्याची गोष्ट आहे, असे त्यांच्या मनातही आले नव्हते. पाणी ओंजळीतून प्यायले की पेल्यातून, हे कुणी कळवते काय?

"तुळस शिळी होत न्हाई, श्रीलक्ष्मी," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांच्या आवाजातला जोर गेला.

"देवासाठी होत न्हाई, अण्णा. पण तिच्यातलं तेल वासाचं आहे. हवेत जातं. तुमच्या पंचाला दुसऱ्या दिवशी कसला वास येतो?"

"तुळशीचा," सावित्रीबाई म्हणाल्या.

त्या रात्री जेवण कुणालाच गोड लागले नाही. सकाळी रामाचार्य वाफ्यांमधून येरझारा घालत राहिले. लेकीपुढे मार्ग सरळ होता: ते नमुने बाजूला काढायचे, निबंधात तसे लिहायचे. तिच्या कामाचा मुख्य भाग त्याने बिघडत नव्हता. बिघडत होते ते त्यांचे. देवळातली शाल, पारावरचा मान आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे वडिलांच्या वटारलेल्या डोळ्यांना इतक्या वर्षांनी मिळालेले उत्तर. श्रीलक्ष्मीने एक पळवाटही नकळत मोकळी ठेवली होती. "द्वादशीचं ताजं पान आपण मोजलेलंच न्हाई," ती म्हणाली होती. "त्यामुळं त्या दिवशी तेल कमी असतं असंही म्हणता येत न्हाई, नसतं असंही म्हणता येत न्हाई." न मोजलेल्या गोष्टीच्या आडोशाला सत्कार सुखरूप पार पडला असता. कुणी खोटे बोलले, असेही झाले नसते.

पण त्यांना श्रीपतरावांची गोळी आठवत होती. आपल्या घरातल्या ओल्या पंचातून एक बातमी निघाली होती आणि तिच्या भरवशावर एक माणूस औषध सोडून बसला होता. ताप उतरला नाही तर इथे येऊ नका, असे सांगण्याचा ज्यांना अभिमान, त्या रामाचार्यांनी शालीपुढे आवाज मऊ केला होता. हे त्यांना पानाच्या चुकीपेक्षा अधिक लागले.

ते आत आले. "पूर्वेकडचा शेवटचा वाफा," ते लेकीला म्हणाले, "त्यातलं पान मी अजून देवाला वाहिलेलं न्हाई. आजपासून तो वाफा तुझा. पूजेचा न्हाई. उद्या त्यातलं ताजं पान तोडून मोज."

"तुम्ही तोडाल?"

"मी न्हाई. तूही न्हाई, तुझ्या आईला ते सोसायचं न्हाई. ज्याच्या घरात हा नियम न्हाई, तो तोडंल."

तो माणूस कोण, हे ठरवायला त्यांना वेळ लागला नाही. ते स्वतः श्रीपतरावांच्या आडतीवर गेले आणि घडले ते सगळे सांगितले. श्रीपतरावांचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला. "म्हंजे? पत्रिका वाटून झाल्यात, गुरुजी! भालकीचे पाहुणे यायलेत! एवढी-एवढी पानाची गोष्ट, ती दाबली तर काय बिघडतंय?"

"दाबायची का न्हाई ते उद्या ठरवू. आधी तोडायला या."

"मी? द्वादशीला?"

"तुमच्यात काय अडचण हाय?"

श्रीपतराव विचारात पडले. "आमच्यात सोमवारी औत धरायचं न्हाई, एवढंच. द्वादशीचं कुणी काय सांगितलं न्हाई."

द्वादशीला सकाळी ते आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले. आपल्यावर काही मोठे काम सोपवले आहे, हे त्यांच्या चालण्यात दिसत होते. श्रीलक्ष्मीने त्यांना परडी दिली. रामाचार्य वाफ्याच्या कडेला उभे राहिले, आणि पहिले पान खुडले जाण्याआधी त्यांनी पाठ फिरवली.

"गुरुजी, तिकडं तोंड कामून केलाव?"

"तुम्ही तोडा. तुमच्या वतीनं श्लोक म्हणायलोय."

"म्हणा म्हणा. पाप लागलं तर अर्धं-अर्धं." श्रीपतराव वाकून पाने खुडू लागले. "पण गुरुजी, लईच तेज वास यायलाय हो. मेलेलं औषध असं वास मारतंय व्हय?"

रामाचार्यांनी श्लोक थांबवला नाही. पण त्यांनी श्वास खोल घेतला, आणि त्यांना उत्तर तिथेच कळले.

बसने दोन डबे गेले: एक ताज्या पानांचा, एक ओल्या पंचातल्या पानांचा. त्यांच्याबरोबर श्रीलक्ष्मीही गेली. संध्याकाळी तिचा फोन आला. ताजे पान इतर दिवसांच्या ओळीत बसले होते; पंचातले पान पूर्वीसारखेच घसरले होते. "एका दिवसावरून निर्णय द्यायचा नसतो, अण्णा. पुढच्या द्वादशीलाही मोजावं लागंल."

"मोज. वाफा तुझाच आहे. आणि उद्या ये. शाल घ्यायला न्हाई, ऐकायला."

दुसऱ्या दिवशी देऊळ भरले होते. शाल तबकात घडी घालून ठेवली होती. रामाचार्य उभे राहिले तेव्हा त्यांनी वर्गात धडा सुरू करताना धरावा तसा टेबलाचा काठ धरला. त्यांनी काहीही मऊ केले नाही. द्वादशीला आपण तुळस तोडत नाही, आदल्या दिवशीची पाठवत होतो, त्यामुळे तेल कमी दिसले. पारावर जे सांगितले ते चूक होते आणि काल ताज्या पानाने ते चूक ठरवले. सभेत कुजबुज झाली. मागच्या ओळीतून कुणीतरी ओरडले, "म्हंजे द्वादशीला तोडायला हरकत न्हाई म्हणा की!"

"तुम्हाला नसंल. माझ्या घरात न्हाई तोडणार," रामाचार्य म्हणाले. "तेल ओसरतं म्हणून न तोडणं, हा हिशेब झाला. माझ्या वडिलांनी हिशेब सांगितला नव्हता. वर्षात काही दिवस त्या झाडाला हात लावायचा न्हाई, एवढंच सांगितलं होतं. ते मला पाळता येतं. त्याला यंत्राचा टेकू लागत न्हाई, आणि खोटा टेकू तर मुळीच नको."

मग ते गुरुजीच झाले. काढा करायचा तर पान ताजे घ्या, हे त्यांनी सांगितले. सर्दी-खोकल्यात आराम वाटतो, घसा मोकळा होतो, तेवढ्यासाठी जरूर घ्या. साखरेवर, मनाच्या ताणावर तुळशीचे काम चालू आहे, आशा आहे, पण आशा म्हणजे मात्रा नव्हे. रक्त पातळ करणारी गोळी ज्यांना चालू आहे त्यांनी आणि गर्भारणींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तुळस औषध म्हणून खाऊ नये. "आणि साखरेची गोळी तुळशीच्या भरवशावर कुणीही सोडायची न्हाई. तसं कुणी सोडली असंल, तर ती माझ्या बोलण्यानं सोडली, आणि माझ्याच बोलण्यानं परत सुरू करायची."

नाव त्यांनी घेतले नाही. पण समितीच्या खुर्चीत बसलेल्या श्रीपतरावांकडे लोकांच्या माना वळल्या. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, सर्वांसमोर एक गोळी फोडली आणि पुजाऱ्याला म्हणाले, "जेवण तर झालंय. तीर्थ द्या बघू इकडं." तुळशीचे पान तरंगणाऱ्या तीर्थाबरोबर त्यांनी ती गिळली आणि मिशा पुसल्या. "झालं, गुरुजी? आता शाल घ्या. दुकानदार परत घेत न्हाई."

"कशाबद्दल घेऊ? सिद्ध तर काहीच झालं न्हाई."

"शिकवलाव त्याबद्दल घ्या. शाळेत आम्हाला लई मारलाव, तेव्हा कुणी शाल दिली न्हाई."

देऊळ हसले. रामाचार्यांनी खांदे पुढे केले.

श्रीलक्ष्मीचा निबंध पुढच्या वर्षी एका नियतकालिकात आला. फुलोऱ्याच्या आधी आणि नंतर पानातले तेल कसे बदलते, एवढ्यापुरताच तो मर्यादित आहे आणि आपली मर्यादा त्याने स्वतःच स्पष्ट सांगितली आहे. त्याच्या पद्धतीविषयीच्या भागात एक वाक्य आहे: काही ठरावीक तिथींची पाने घरातील प्रथेनुसार आदल्या दिवशी तोडून ओल्या कापडात ठेवली गेली होती, त्यामुळे ती मुख्य गणनेतून वगळून स्वतंत्रपणे तपासली आहेत. दारात काढ्याची पाने मागायला कुणी शिकलेला माणूस आला, की रामाचार्य आधी त्याला हे वाक्य वाचायला देतात. वाचून झाले की ताठ बसून सांगतात, "ती पानं मी ठेवली होती. आणि हे लिही असं पोरीला मीच सांगितलो."